सरावातील जोडीदार: युद्धकलांच्या शिक्षणातील एक दुर्लक्षित भूमिका

युद्धकलांच्या शिक्षणात दोघांनी मिळून करायच्या सरावाला मध्यवर्ती स्थान आहे, कारण ठोसा, फेक किंवा पकड एकट्याने कितीही घोटली तरी समोर दुसरे शरीर आल्याखेरीज तिचा कस लागत नाही. परंतु समोर माणूस उभा राहिला म्हणून सराव खरा ठरतो, असेही नाही. कराटेच्या वर्गांत सर्रास दिसणारा ‘गोहोन कुमिते’ हा पाच पावलांचा सराव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात हल्ला करणारा विद्यार्थी एक पाय मागे घेऊन ठरावीक पवित्र्यात उभा राहतो, चेहऱ्यावर ठोसा मारणार असल्याचे मोठ्याने सांगतो आणि एकापाठोपाठ पाच पावले पुढे टाकत तेवढेच ठोसे मारतो. बचाव करणारा तितकीच पावले मागे सरत प्रत्येक ठोसा हाताने वर उडवतो आणि पाचव्या ठोशानंतर आरोळी देऊन उलट ठोसा मारतो. हा उलट ठोसा येईपर्यंत हल्ला करणाऱ्याचा हात हवेत जिथल्या तिथे ताठ राहिलेला असतो. पावलांचे अंतर, उभे राहण्याची ठेवण आणि अंगावर येणाऱ्या माणसाला न बिचकण्याची सवय नवशिक्याला यातून मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हल्ला कोण करणार, कुठे करणार आणि किती वेळा करणार हे सर्व आधीच ठरलेले असल्यामुळे पाहणे, ओळखणे आणि निवडणे हा लढतीतील सर्वांत अवघड भाग या सरावातून गळालेला असतो, आणि अनेक वर्गांत तो वर्षानुवर्षे गळालेलाच राहतो.

या उणिवेवर बोट ठेवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील प्रशिक्षक मॅट थॉर्नटन यांचे नाव अलीकडच्या काळात विशेष घेतले जाते. त्यांनी सरावाच्या ‘जिवंतपणा’ची तीन लक्षणे सांगितली: हल्ल्याची वेळ ठरलेली नसावी, समोरच्याने खरा जोर लावावा, आणि दोघेही सतत हलते असावेत. यांपैकी एका जरी लक्षणाचा अभाव असेल तर तो सराव कितीही देखणा असला तरी मृत समजावा, असा त्यांचा आग्रह आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वेगवेगळ्या युद्धकलांचे लढवय्ये एकमेकांसमोर उभे करणारी पहिली ‘यूएफसी’ स्पर्धा झाली आणि ती रॉइस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियन जिउ-जित्सूपटूने जिंकली. नावाजलेल्या अनेक शैलींचे डाव प्रत्यक्ष प्रतिकारापुढे टिकत नाहीत हे तेव्हा उघड झाल्याने थॉर्नटन यांच्या म्हणण्याला श्रोते मिळाले. विचार मात्र नवा नाही. जपानमधील तलवारबाजीच्या गुरूंनी तो अठराव्या शतकात आणि ज्युदोच्या गुरूंनी एकोणिसाव्या शतकात केला होता, आणि कोल्हापूरच्या तालमींत तो कोणी सिद्धांत म्हणून न मांडताही रोज पहाटे अमलात येतो. या परंपरांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सराव जिवंत होतो की नाही, हे डाव टाकणाऱ्यावर फारसे अवलंबून नसते. ते डाव झेलणाऱ्याच्या, म्हणजेच हल्लेखोराची किंवा प्रतिस्पर्ध्याची भूमिका घेणाऱ्याच्या, कौशल्यावर ठरते, आणि हे कौशल्य क्वचितच शिकवले जाते.

जपानी तलवारबाजीच्या जुन्या घराण्यांत शिक्षण ‘काता’मधून होत असे. काता म्हणजे हल्ला आणि प्रत्युत्तर यांची आधी ठरवलेली जोडरचना. पोलादी तलवारीने मोकळा सराव करणे म्हणजे शिष्य गमावणे, आणि कठीण लाकडाच्या तलवारीचा फटकाही हाड मोडण्यास किंवा जीव घेण्यास पुरेसा; म्हणून ठरीव रचना अपरिहार्य होती. मात्र या रचनेत एक बारकावा होता, जो पुढे पुष्कळ ठिकाणी विसरला गेला. हल्ला करून शेवटी हरणारी ‘उचिदाची’ ही भूमिका गुरूने किंवा ज्येष्ठाने घ्यायची आणि जिंकणारी ‘शिदाची’ ही भूमिका शिष्याने, असा तो संकेत होता. हरणारा अधिक जाणता असल्यामुळे हल्ल्याचा क्षण, त्याचा वेग आणि दोघांमधील अंतर ही तिन्ही सूत्रे त्याच्या हातात राहत. शिष्य गाफील दिसला तर वार ठरलेल्या जागीच पण नेहमीपेक्षा लवकर येई, आणि शिष्याने घाई केली तर तो मुद्दाम लांबवला जाई. हालचाली ठरलेल्या असूनही क्षण ठरलेला नसे. हीच रचना दोन नवशिक्यांनी पाठ करून एकमेकांसमोर म्हणून दाखवायला सुरुवात केली की तिच्यातील अनिश्चितता निघून जाते आणि केवळ आकृती उरते. आज जी काताची निर्जीवता म्हणून हिणवली जाते, ती पुष्कळ अंशी जाणत्याची भूमिका अशी नवशिक्याकडे गेल्यामुळे आलेली आहे.

मोकळ्या सरावासाठी हत्यारच बदलण्याचा मार्ग जपानने पुढे काढला. सोळाव्या शतकातील तलवारबाज कामिइझुमी नोबुत्सुना यांच्याशी चिरलेल्या बांबूवर चामड्याची पिशवी चढवलेल्या सरावाच्या तलवारीचे नाव जोडले जाते. अठराव्या शतकात जिकिशिनकागे घराण्याने आणि त्यानंतर इत्तो घराण्याच्या नाकानिशी शाखेने डोके, मनगट आणि छाती झाकणारे चिलखत तसेच बांबूच्या कामट्यांची ‘शिनाई’ ही तलवार वापरात आणली, आणि त्यातून आजचा केंडो घडला. याच गरजेने महाराष्ट्रातही तोच उपाय निघालेला दिसतो: फरी-गदग्याच्या खेळात चामड्याने मढवलेली काठी तलवारीची जागा घेते व लहान ढाल वार झेलते, तर बोथाटीमध्ये भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी मऊ बोंडा असतो. हत्यार बोथट केले म्हणजे हेतू तीक्ष्ण ठेवता येतो, हे दोन्हीकडच्या उस्तादांना कळले होते. खेदाची बाब अशी की, आज मर्दानी खेळांच्या मिरवणुकीतील प्रात्यक्षिकांत दांडपट्ट्याचे वेगवान हात आणि लिंबू कापण्याची अचूकता यांना जेवढी टाळी मिळते, तेवढी दाद समोरासमोरच्या, वार खरोखर चुकवाव्या लागणाऱ्या फरी-गदग्याला मिळत नाही.

केंडोने उचिदाचीची जुनी समज ‘मोतोदाची’ या भूमिकेत जपली आहे. मोतोदाची म्हणजे सरावात फटके घेणारा. तो नुसता उभा राहून मार खात नाही. शिष्याच्या फटक्याला जागा द्यायची असते तेव्हा तो आपल्या शिनाईचे टोक मध्यरेषेवरून किंचित बाजूला नेतो किंवा वर उचलतो आणि डोक्याकडे जाणारी वाट क्षणभर मोकळी करतो. शिष्याने तो क्षण ओळखून पूर्ण जोराने झेप घेतली तर फटका बसू देतो, आणि शिष्य रेंगाळला किंवा अर्ध्या मनाने पुढे आला तर वाट बंद करतो अथवा स्वतःच फटका मारतो. जागा फार लवकर आणि फार उघडपणे दिली तर शिष्य आळशी होतो, फार थोडी दिली तर तो आक्रसतो. समोरच्याची पातळी ओळखून त्याला जेमतेम जमेल इतकीच संधी देणे, हे मोतोदाचीचे काम आहे आणि ते स्वतः फटका मारण्याइतकेच कठीण आहे.

ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर निःशस्त्र लढतीपुरता हाच प्रश्न होता. त्यांनी शिकलेल्या तेन्जिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सू घराण्यांत फेकींबरोबरच मर्मावरचे आघात आणि बोटे, मनगट, गुडघे मोडणारे पेचही होते. असे डाव पूर्ण जोराने सरावात वापरता येत नाहीत. ते अर्धवट दाखवून सोडावे लागतात, आणि अर्धवट दाखवून सोडण्याचीच सवय हाताला लागते. कानो यांनी विभागणी केली. ज्यांचा वापर जोडीदाराला जायबंदी केल्याशिवाय शक्य नव्हता ते डाव काता म्हणून राखून ठेवले, आणि उरलेल्या डावांचा ‘रांदोरी’ हा मोकळा सराव रोजच्या शिक्षणाचा गाभा बनवला. रांदोरीत दोघेही आपापल्या मर्जीने आक्रमण आणि बचाव करतात, कोणी काय करायचे हे ठरलेले नसते. त्याआधी प्रत्येकाला ‘उकेमी’, म्हणजे सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र, शिकावे लागते. कारण ज्याला पडण्याची भीती आहे तो जोडीदार म्हणून निकामी असतो, तो अंग ताठ धरतो आणि दोघांचेही शिक्षण थांबवतो. शरण आल्याची खूण म्हणून हाताने थापटण्याची प्रथाही अशीच मोलाची आहे. या साध्या खुणेमुळे गळा आवळण्याचे आणि कोपर ताणण्याचे डाव खऱ्या प्रतिकाराविरुद्ध शेवटपर्यंत नेता येतात.

घातक डाव बाजूला ठेवणारी शाळा लढण्यात मात्र अधिक सरस ठरली, यात वरवर विसंगती वाटली तरी कारण सरळ आहे. मोजक्या डावांचा विरोध करणाऱ्या माणसावर हजारो वेळा वापर करणारा विद्यार्थी, अनेक भयंकर डाव फक्त नमुन्यादाखल जाणणाऱ्यापेक्षा पुढे जातो. या निवडीची किंमतही असते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोकळा सराव नेहमी कोणत्या तरी नियमांच्या चौकटीत होतो, आणि चौकट जे वगळते ते शरीरही हळूहळू विसरते. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने पाय धरून केलेल्या थेट हल्ल्यावर २०१० मध्ये आणि कमरेखाली हात लावण्यावर २०१३ मध्ये जवळजवळ सरसकट बंदी आणली. परिणामी कुस्तीतील पोरालाही ठाऊक असणाऱ्या दुहेरी पटाचा बचाव त्यानंतर घडलेल्या ज्युदोपटूंच्या रोजच्या सरावातून निसटला.

मोकळ्या सरावाची गरज विसाव्या शतकातील विज्ञानाने वेगळ्या वाटेने सिद्ध केली. सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोतील श्रमविषयक संस्थेत हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींचे बारकाईने चित्रण केले. कामगार अनुभवी होते, हातोडा दर वेळी छिन्नीवर नेमका पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग मात्र कोणत्याही दोन घावांत तंतोतंत सारखा नव्हता. निष्णात शरीर एकच हालचाल पुन्हा पुन्हा छापत नाही, ते एकच काम दर वेळी नव्याने सोडवते, असा निष्कर्ष बर्नस्टाइन यांनी काढला. पुढे १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने प्रत्येक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने त्या उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी सलग घोटणारा गट पुढे होता, पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत उलटसुलट क्रमाने शिकलेल्यांनी त्याला मागे टाकले. प्रशिक्षकांनी यातून घ्यायचा बोध गैरसोयीचा आहे, कारण ज्या वर्गात सगळे सुरळीत आणि देखणे दिसते त्या वर्गात शिक्षण कमी होत असण्याची शक्यता यात दडलेली आहे, तर पालकांना आणि पाहुण्यांना दाखवायला तोच वर्ग बरा दिसतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा पाहण्याचा आहे. एखादा दिवा लागताच बटण दाबणे एवढ्या साध्या प्रतिक्रियेलाही माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, आणि अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल तर त्याहून अधिक. जवळून मारलेला सरळ ठोसा तेवढ्या वेळात पोहोचलेला असतो. म्हणजे मुठीकडे पाहून ठोसा चुकवता येत नाही. चुकवणारा ती हालचाल सुरू होण्याआधीची चिन्हे वाचतो: खांद्याचे किंचित उचलणे, पुढच्या पायावर सरकलेला भार, अंतर कमी करण्यासाठी टाकलेले अर्धे पाऊल. ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि डेव्हिड रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनपटूंना फटक्याचे चित्रीकरण मध्येच तोडून दाखवले, तेव्हा निष्णात खेळाडू रॅकेट धरलेल्या हाताच्या हालचालीवरूनच फुलाची दिशा ओळखू शकत होते, तर नवखे रॅकेट दिसेपर्यंत थांबत होते. आता पाच पावलांच्या सरावाकडे पुन्हा पाहिले तर त्यातील दोष केवळ संथपणाचा नाही, हे लक्षात येते. तिथे मूठ कमरेजवळून निघते, पाऊल लांब आणि ठरलेले असते, सूचना तोंडाने दिलेली असते. बचाव करणारा त्या चिन्हांवर प्रतिसाद द्यायला शिकतो जी कोणताही खरा प्रतिस्पर्धी कधीच देणार नाही. अशा सरावाचा वेग दुप्पट केला तरी दोष तसाच राहतो.

ठरीव सरावातून मोकळ्या लढतीकडे जाण्याचा मार्ग एका डावाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ज्युदोतील ‘सेओई-नागे’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे फेकणे. कुस्तीतील धोबीपछाड हा त्याचाच भाऊबंद. ज्युदोत फेकीचे तीन टप्पे मानतात: आधी तोल बिघडवणे, मग फेकण्यासाठी अंग योग्य जागी नेणे, आणि शेवटी फेक. हा डाव घोटण्यासाठी ‘उचिकोमी’ नावाचा सराव करतात, ज्यात डाव टाकणारा, म्हणजे ‘तोरी’, वळून आत शिरतो, फेकीच्या आधी थांबतो, परत बाहेर येतो आणि हे पुन्हा पुन्हा करतो. झेलणारा ‘उके’ मात्र जागचा हलत नाही, आणि शंभर वेळा ओढले जाऊनही पडू नये म्हणून नकळत मागे रेलून राहतो. परिणाम असा होतो की, तोलच बिघडलेला नसलेल्या माणसात शिरण्याची सवय तोरीला लागते, म्हणजे पहिला टप्पा वगळून दुसरा पक्का होतो. आज अनेक ज्युदो प्रशिक्षक स्थिर उचिकोमीबद्दल साशंक आहेत ते याच कारणाने.

त्यात जीव आणण्यासाठी पहिला बदल उकेच्या पायांत करावा लागतो. उके पुढे-मागे, आडवातिडवा चालू लागला की तोरीला त्याच्या पावलांची लय पकडून पाऊल टेकण्याच्या नेमक्या क्षणी शिरावे लागते. दुसरा बदल निवडीचा आहे. उकेने मनाला येईल तेव्हा तोरीला ढकलावे किंवा ओढावे. ढकलले तर तोरीने तोच जोर वापरून सेओई-नागे करायचा, ओढले तर त्याच दिशेने जात आतून पाय अडकवून मागे पाडायचे. इथे सूचना कोणी देत नाही, ती हातातल्या पकडीतून अंगाला जाणवते, आणि खऱ्या लढतीतही ती तिथूनच येते. त्यानंतर उकेला एका बचावाची मुभा मिळते: तोरी वळताच कंबर पुढे रेटून त्याला अडवायचे किंवा त्याच्या पायाला वळसा घालून बाहेर निघायचे, आणि तोरीने जो बचाव समोर येईल त्यावर पुढचा डाव जोडायचा. कुस्तीच्या मातीत डाव, त्याची तोड आणि तोडीवरची तोड ही साखळी पैलवान याच पद्धतीने अंगवळणी पाडतात. शेवटी उकेलाही हल्ल्याची परवानगी दिली की सराव आणि रांदोरी यांमधील भिंत पातळ होऊन नाहीशी होते. कोणत्याही पायरीवर तोरीची हालचाल विस्कटू लागली तर एक पायरी खाली उतरून डाव सावरायचा आणि पुन्हा वर चढायचे. अगदी नवख्याला तर काही दिवस स्थिर उचिकोमीवरच ठेवावे लागते, कारण ज्याला हातपाय कुठे जातात हेच कळत नाही त्याच्यापुढे निवडीचे ओझे टाकून काही साधत नाही.

या वाटेवर अति उत्साही प्रशिक्षक एका वेगळ्या खड्ड्यात पडतात. प्रतिकार जितका अधिक तितका सराव खरा, असे गृहीत धरून ते उकेला सर्व शक्तीने विरोध करायला सांगतात. पण येणारा डाव कोणता हे उकेला आधीच ठाऊक असते, आणि ठाऊक असलेला डाव अडवणे कोणालाही सोपे असते. तो उजव्या खांद्यावरची फेक अडवण्यासाठी डावीकडे पूर्ण उघडा पडतो, कारण डावीकडून काही येणार नाही याची त्याला खात्री असते. असा प्रतिकार पोकळ असतो आणि तोरीच्या मनात निष्कारण न्यूनगंड मात्र निर्माण करतो. चांगल्या उकेने प्रतिकार खऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानातून केला पाहिजे, म्हणजे डाव माहीत नसता तर तो जसा वागला असता तसे वागले पाहिजे. यासाठी लागणारी प्रामाणिक नाट्यबुद्धी हा जोडीदाराच्या भूमिकेतील सर्वांत सूक्ष्म भाग म्हणता येईल.

कोल्हापूरच्या तालमींत हे भान ज्येष्ठ पैलवानांकडून कनिष्ठांकडे जाते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींच्या हौद्यात पहाटे सरावाच्या लढती लागतात तेव्हा जोडी नेहमी बरोबरीची नसते. वजनदार, जाणता पैलवान कोवळ्या पोराशी धरतो, त्याला पट काढू देतो, मग हळूच भार टाकून तो अडकवतो, पोराने जोर बदलला की पकड सैल सोडतो, आणि चितपट करण्याची घाई न करता त्याला दमेपर्यंत झगडत ठेवतो. वस्ताद काठावरून एखादाच शब्द टाकतो. कोणी कोणाला किती द्यायचे याचे लिखित नियम नसले तरी पोराला चिरडणाऱ्या पैलवानाला वस्तादाची बोलणी खावी लागतात. सरावाची परिस्थिती आणि लढतीची परिस्थिती यांतील अंतर कसे भोवते, याचे उदाहरणही याच मातीने दिले आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा मातीत घडलेल्या या पैलवानाला मॅटवरच्या कुस्तीचा आणि तिच्या नियमांचा सराव नव्हता. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला, आणि तयारी बदलून चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक पटकावले.

सराव वास्तव करणे म्हणजे जोरात मारणे, हा गैरसमज ठोशांच्या खेळांत विशेष धोक्याचा ठरतो, कारण डोक्यावरील आघातांचे नुकसान साचत जाते आणि ते हेल्मेटने टळत नाही. स्वातंत्र्य आणि आघात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. थायलंडमधील मुए थाई लढवय्ये वारंवार स्पर्धांत उतरत असल्याने सरावात पुष्कळदा हलक्या हातापायाने, पण कोणताही हल्ला कोणत्याही क्षणी करण्याच्या पूर्ण मोकळिकीने खेळतात. फसवणूक, अंतर आणि लय सगळे खरे असते, फक्त शेवटचा धक्का काढून घेतलेला असतो. पॅडवरच्या सरावालाही हाच निकष लावावा. पॅड धरणारा पाठ केलेल्या क्रमाने हात पुढे करत असेल तर ते केवळ आवाजाचे प्रदर्शन होते, परंतु तो फिरत राहिला, अनपेक्षित वेळी पॅड दाखवला आणि हात खाली सोडणाऱ्या विद्यार्थ्याला पॅडनेच हलकी टपली मारली तर तोच सराव मुष्टियुद्धाच्या जवळ येतो.

स्वसंरक्षणाच्या प्रशिक्षणात हा प्रश्न सर्वांत गंभीर होतो, कारण तिथे पंच नसतो आणि चुकीची खात्री थेट अंगाशी येते. चाकू हिसकावण्याची प्रात्यक्षिके बहुधा अशी असतात: हल्लेखोर एक वार करतो, हात ताठ ठेवून थांबतो, बचाव करणारा मनगट पिरगळतो आणि चाकू खाली पडतो. चाकूधारी माणूस मात्र हात मागे खेचतो आणि पुन्हा पुन्हा भोसकतो, शिवाय त्याचा दुसरा हात मोकळा असतो. कानो आणि आयकिदोचे प्रवर्तक उएशिबा या दोघांचेही शिष्य असलेले वासेदा विद्यापीठातील प्राध्यापक तोमिकी केन्जी (१९००–१९७९) यांनी आयकिदोत रांदोरी आणली; त्यांच्या परंपरेत एकाच्या हातात मऊ चाकू असतो आणि त्याला छाती-पोटावर भोसकण्याचे गुण मिळतात, म्हणून हात मागे घेणे, हूल देणे आणि पुन्हा वार करणे हे तो स्वतःच्या फायद्यासाठीच करतो. अर्ध्या वेळेनंतर भूमिका बदलतात. इथेही नियमांनी वाराचा प्रकार मर्यादित ठेवला आहेच, परंतु हल्लेखोराला जिंकण्यात रस आहे, एवढ्या एका बदलाने प्रात्यक्षिकातील बहुतेक सुबक डाव गळून पडतात आणि उरलेल्या थोड्यांवर भरवसा ठेवता येतो. याहून साधा उपाय म्हणजे चाकूऐवजी स्केचपेन आणि अंगात पांढरा सदरा. दोन मिनिटांनंतर सदऱ्यावरच्या रेघा कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक सांगतात.

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी होणारी एक-दोन दिवसांची शिबिरे या कसोटीवर तपासली पाहिजेत. मैत्रिणीने सैलसर धरलेले मनगट झटक्यात सोडवणे हा तिथला ठरलेला पाठ असतो. मैत्रीण हसत असते, पकड सोडायला उत्सुक असते, आणि झटका बसताच सोडून देते. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून अंगभर जाड गाद्यांचा पोशाख घातलेल्या हल्लेखोरावर पूर्ण ताकदीने प्रतिकार करण्याची पद्धत रूढ झाली. एलिझाबेथ ओझर आणि अल्बर्ट बांदुरा यांनी १९९० मध्ये अशा प्रशिक्षणातून गेलेल्या ४३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्वतःच्या क्षमतेवरचा त्यांचा विश्वास वाढलेला आणि भीतीमुळे टाळल्या जाणाऱ्या गोष्टी कमी झालेल्या आढळल्या. पण शारीरिक जोर हा वास्तवाचा एकच पदर आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा तासांच्या प्रशिक्षणानंतरच्या वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण ५.२ टक्के होते, तर प्रशिक्षण न मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होते. या प्रशिक्षणात हातापायाच्या तंत्रांसोबत ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका वेळीच ओळखणे आणि त्याला विरोध करताना आड येणारा संकोच मोडणे यांवर भर होता. तेव्हा वास्तव हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या जोडीदाराला पकडण्याबरोबर बोलावेही लागेल: आधी गोड, मग आर्जवी, मग रागावलेले, मध्येच एक पाऊल जवळ येत, आणि मुलीने ‘नाही’ म्हटल्यावरही थांबायचे नाही, हे त्याला आधी शिकवावे लागेल. असा जोडीदार तयार करायला शिबिराचे दोन दिवस पुरत नाहीत.

जोडीदाराची भूमिका शिकवली जाते की नाही, हे पट्ट्यांच्या आणि श्रेणींच्या परीक्षांची रचना बरेचसे ठरवते. केंडोच्या ‘दान’ या श्रेणींच्या परीक्षेत काता सादर करताना उमेदवाराला उचिदाची किंवा शिदाची यांपैकी कोणतीही भूमिका वाट्याला येऊ शकते, म्हणून दोन्ही शिकाव्याच लागतात आणि हल्ला करणाऱ्याचे दोषही परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाहीत. ज्या वर्गांत मात्र परीक्षा फक्त डाव टाकणाऱ्याची असते, तिथे समोर उभा राहणारा विद्यार्थी आपल्या मित्राचा पट्टा हुकू नये एवढेच पाहतो, ठोसा कानापासून वीतभर अंतरावर मारतो, आणि फेक लागायच्या आधीच उडी मारून पडतो.